उजव्या हातावरचं दही

माझ्या मेव्हण्याचा व्यवसाय काय, हे लोकांना समजावून सांगण्यात माझा बराच वेळ गेला आहे. तो बेसबॉलमधला रिलीफ पिचर आहे. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. पण सामना सुरू करणारा पिचर वेगळा. त्याचं नाव आदल्या दिवशी जाहीर होतं, त्याचा फोटो छापून येतो. तो दमला किंवा समोरचे बॅटर त्याला झोडपायला लागले, की सामन्याच्या उत्तरार्धात ज्याला बोलावतात तो रिलीफ पिचर. बोलावतात, किंवा बोलावत नाहीत. तोवर तो मैदानाच्या कडेला, कुंपणालगतच्या सरावाच्या पट्ट्यात बसून असतो. या पट्ट्याला बुलपेन म्हणतात. तिथे एक फोन असतो. फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा, जीव तोडून चेंडू फेकायचे. मग फोन पुन्हा वाजतो आणि कळतं की गरज नाही, बस खाली. या चेंडूंची नोंद कुठेही होत नाही. खांद्यात मात्र होते.

इथे बहारीनमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीत नईम भागातले एक काका दरवर्षी भेटतात आणि विचारतात, "काय, यंदा किती विकेटी मेव्हण्याच्या?" पहिल्या वर्षी मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी प्रसादाचा द्रोण हातात धरून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बारावा खेळाडू." दुसऱ्या वर्षी मी थोडक्यात सांगितलं. आता मी "बऱ्यापैकी" म्हणतो आणि पुढे सरकतो.

मी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा पानावर काम केलं, मग बहारीनमध्ये एका वित्तसंस्थेची इंग्रजी पत्रकं तपासण्याची नोकरी धरली. माझी बायको इथे अकाउंटंट आहे. ती अमरावतीची. अमरावतीत शाळाशाळांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळतात, हे मला क्रीडा पानावर असतानाही नीट माहीत नव्हतं, लग्नानंतर कळलं. तिचा धाकटा भाऊ शाळेपासून पिचर. राज्य, राष्ट्रीय, मग खेळाडूंच्या कोट्यातून मिळू शकणारी एक सरकारी नोकरी. ती त्याने घेतली नाही. आखातात बेसबॉलची एक छोटी व्यावसायिक लीग सुरू झाली होती आणि तिथल्या एका संघाला आशियाई पिचर हवे होते. तो आला. लीगचा मोसम काही आठवड्यांचा. उरलेल्या वर्षात पोट भरायला तो बहारीनमधल्या एका शाळेत वर्षाच्या करारावर क्रीडाशिक्षक झाला आणि राहायला सनद भागात आमच्याकडे आला. आई गेल्यानंतर बायकोनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तो कुठे राहणार हा प्रश्न कुणी मला विचारला नाही.

मला विचारण्यात आलं ते वेगळंच. पिचरला मोसम नसतानाही हात चालू ठेवावा लागतो. भिंतीवर फेकून चालत नाही, समोर झेलणारा माणूस लागतो. सनदच्या आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे पार्किंग करतात आणि एका कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला सोफा आहे. त्या प्लॉटमध्ये, कॅचरचा जाड हातमोजा घालून, उकिडवा बसून चेंडू झेलणारा माणूस मी. तेव्हा मी पंचेचाळिशीच्या पुढे होतो.

"भाऊजी, नीट बसा ना. कमोडवर बसल्यावानी काहून बसून रायले?"

"गुडघे दुखतात म्हणून."

"अन् डोळे काहून मिटता? चेंडूले घाबरता काय तुमी?"

"चेंडू मला घाबरत नाही, म्हणून."

तो हसायचा आणि पुढचा चेंडू टाकायचा. निम्म्या जोराने टाकतो, असं तो म्हणे. निम्मा जोर असा की हातमोज्यातही तळहात लाल व्हायचा. एकदा चेंडू वाळूत आपटून माझ्या नडगीवर आला. समोरच्या इमारतीतल्या वसईच्या शेजारीणबाई हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, त्या गॅलरीतून ओरडल्या, "दादा, हाड मोडलं तर आमच्याकडेच या हो, ओळखीने लवकर नंबर लावते." आठवड्यातून तीन संध्याकाळी हे चाले. बायको वरून बघायची. मी लंगडत वर गेलो की तिचा प्रश्न एकच: "त्याचा हात बरा हाये ना?"

दोन मोसम असे गेले. दोन्ही मोसमांत त्याला मिळून जेमतेम मूठभर वेळा मैदानात बोलावलं. प्रत्येक वेळी नऊपैकी सातव्या-आठव्या इनिंगला, एक किंवा दोन बॅटरसाठी. बहुतेकांना त्याने बाद केलं. पण दोन बॅटर बाद करून माणूस बाकावर परत बसतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो नसतो. मी स्वतः अशा बातम्या कापत आलो आहे. जागा कमी पडली की सगळ्यात आधी जायचं ते याच माणसाचं वाक्य.

तिसऱ्या मोसमाच्या तोंडावर दोन गोष्टी एकदम झाल्या. संघाच्या प्रशिक्षकाने त्याला स्पष्ट सांगितलं की पुढच्या वर्षी आशियाई रिलीफ पिचरची एकच जागा राहील. दावेदार दोन, तो आणि आणखी एक. या मोसमात जो मैदानावर भरवसा देईल तो राहील. त्याच आठवड्यात शाळेच्या प्राचार्यांनी त्याला क्रीडाविभागाचं प्रमुखपद देऊ केलं. कायम नोकरी, राहायला घर. अट एक: सत्र चालू असताना मोसमाची बिनपगारी रजा यापुढे मिळणार नाही. उत्तर मोसम संपला की द्यायचं.

बायकोचं मत पक्कं होतं. "शाळेची नोकरी घे. बसून बसून बुड झिजलं तुयं."

"ताई, एक मोसम पाहू दे. मले बोलावलं तं मी करून दाखवीन."

"अन् नाई बोलावलं तं?"

"तं तू म्हनशीन तसं."

असा तह झाला. मी साक्षीदार होतो. मला कुणी मत विचारलं नाही आणि मी दिलंही नाही.

आता दह्याकडे येतो. घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की बायको त्याच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवते. परीक्षा असो, मुलाखत असो, विमानप्रवास असो. मी पत्रकं घेऊन संचालक मंडळापुढे जातो तेव्हा मलाही मिळतं. माणसाने ते चाटायचं, हात पुसायचा आणि मागे न बघता निघायचं. मेव्हणा आजवर प्रत्येक मोसमाला आमच्या दारातून विमानतळावर गेला होता आणि प्रत्येक वेळी दही खाऊन गेला होता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तिसऱ्या मोसमात लीगने काही सामने बहारीनमध्ये ठेवले. वाळवंटाकडच्या एका मैदानाला तात्पुरतं बेसबॉलचं रूप दिलं, लोखंडी कुंपण घातलं. संघ मनामातल्या एका हॉटेलात उतरला आणि मेव्हण्यालाही नियमाप्रमाणे तिथेच राहावं लागलं. घर वीस मिनिटांवर, पण तो हॉटेलातून बसने मैदानावर जाणार. म्हणजे तो घरातून निघणार नव्हता. म्हणजे दही राहणार होतं.

"मैदानावर नेऊन देईन," बायको म्हणाली.

मी तिला नियम सांगितला. मला नियम वाचायची सवय आहे. लीगची नियमपुस्तिका मी पहिल्याच वर्षी पूर्ण वाचली होती. चेंडूची पकड वाढवण्यासाठी पिचरने हाताला काहीही लावलेलं चालत नाही. तेल नाही, मलम नाही, गोंद नाही. फक्त मैदानावर ठेवलेली राळेची पिशवी, तीही पंचांनी दिलेली. घाम सुकवायला ती चिमटीत दाबायची. नवा पिचर आला की पंच त्याचे दोन्ही हात बोटांनी चाचपून बघतात. हात चिकट लागला तर मैदानाबाहेर, आणि मोसम संपेपर्यंत बंदी.

"दही काय गोंद हाये?"

"साखर चिकट असते."

"तो चाटून घेते ना. तुमी चाटता तं तुमचा हात चिकट रायते काय? ऑफिसात कागद चिकटते काय तुमच्या हाताले?"

मी सांगितलं की मी नंतर हात धुतो. ती म्हणाली, "तोही पुसून घेईन." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी मेव्हण्याला फोन करून सांगितलं की ताई दही घेऊन येते आहे, काहीतरी कर. तो म्हणाला, "पाहू ना भाऊजी." हे उत्तर वऱ्हाडात 'नाही जमणार' या अर्थाने वापरतात, हे मला आता माहीत आहे.

सामना शुक्रवारी दुपारनंतर होता. कुटुंबीयांना बुलपेनच्या शेजारी कुंपणालगत प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या. बायको बर्फाच्या पेटीत स्टीलचा डबा घेऊन बसली. हवा कोरडी होती, वाळू उडत होती. तिसऱ्या इनिंगला फोन वाजला. मेव्हणा उठला, हात गरम केला, फोन पुन्हा वाजला, तो बसला. बायकोने डबा उघडला आणि बंद केला. पाचव्या इनिंगला पुन्हा तेच. ती मला म्हणाली, "हे काय चालू हाये? बोलावते अन् बसवते. लग्नात पंगतीले बोलावून पान नाई वाढत तसं." मी म्हटलं, हाच त्याचा व्यवसाय आहे. ती म्हणाली, "तुमाले सगळं माहीतच असते."

आठव्या इनिंगला मेव्हण्याचा संघ एका धावेने पुढे होता आणि दोन बेसवर प्रतिस्पर्धी धाव घ्यायच्या तयारीत उभे होते. फोन वाजला. यावेळी बसायचा निरोप आला नाही. प्रशिक्षकाने मैदानातून उजवा दंड थोपटून खूण केली. मेव्हणा निघाला. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती हीच वेळ. जागा एक, दावेदार दोन, आणि प्रशिक्षकाने दुसऱ्याला सोडून याला बोलावलं होतं. बुलपेनचं फाटक आमच्या खुर्च्यांना लागून होतं. बायको चमचा भरून उभी राहिली.

"बाबू, हात कर."

त्याने हातमोजा काढून डावा हात पुढे केला. "ताई, डाव्या हातावर दे. उजव्यानं फेकायचं हाये."

"डाव्या हातावर दही? तेरवी हाये काय कोनाची?"

"ताई, पंच पाहून रायला."

"पाहू दे त्याले. उजवा कर."

हे मी दोन हातांवरून ऐकलं. ढवळाढवळ करायला उठलो, पण खुर्चीचा पाय वाळूत रुतला होता. तोवर त्याने उजवा हात पुढे केला होता. ज्या माणसाने सरकारी नोकरी नाकारताना घरातल्या कुणाचं ऐकलं नाही, तो चमचाभर दह्यासमोर मान खाली घालून उभा होता. त्याने चाटलं, हात विजारीला दोनदा पुसला, हातमोजा चढवला आणि धावत मैदानात गेला. बायको खाली बसली आणि डब्याचं झाकण लावलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

मैदानाच्या मध्यावर मातीचा उंचवटा असतो, तिथून चेंडू फेकतात. तिथे पोचल्यावर त्याने सवयीने राळेची पिशवी उचलून दाबली. ओलसर साखर आणि राळेची भुकटी एकत्र आली की काय होतं, हे त्याला कळायला हवं होतं. मला नंतर कळलं. पंच आले, त्यांनी त्याचा डावा हात बघितला, मग उजवा. दोन बोटं तळहातावर ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली. मग दुसऱ्या पंचांना बोलावलं. त्यांनीही तेच केलं. प्रशिक्षक धावत आले. त्यांनी स्वतः हात लावून बघितला आणि मेव्हण्याकडे असं बघितलं की मला इतक्या लांबून ते वाचता आलं.

पंचांनी हात वर करून मैदानाबाहेरची खूण केली. एकही चेंडू न फेकता मेव्हणा परत आला. त्याच्या जागी दुसऱ्या दावेदाराला बोलावलं. त्याने बॅटरला बाद केलं आणि सामना त्यांच्या संघाने जिंकला.

गाडीत बायकोने डबा पायाशी ठेवला. मग म्हणाली, "पन जिंकले ना."

मी गाडी चालवत राहिलो.

दोन दिवसांनी त्या हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत सुनावणी झाली. मेव्हण्याला इंग्रजी येतं, पण चिडला की ते आटतं, म्हणून मी सोबत गेलो. बायकोही आली. तिला आत येऊ देणार नाहीत म्हटल्यावर ती लॉबीत बसली. मांडीवर तोच डबा, ताजं दही भरून. "पुरावा," ती म्हणाली.

खोलीत प्रशिक्षक होते. लीगचे शिस्तपालन अधिकारी अमेरिकेतून पडद्यावर होते. आणि लीगचे स्थानिक प्रतिनिधी, पांढरा पायघोळ थोब घातलेले एक बहारीनी गृहस्थ, टेबलाच्या टोकाला बसले होते; त्यांच्यासमोर चहाचा इवला पेला होता. पडद्यावरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं की हाताला काय लावलं होतं. मी सांगितलं, दही आणि साखर. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, कशासाठी. मी म्हटलं, शुभ म्हणून. ते म्हणाले, पिचरच्या फेकायच्या हातावर? दुसऱ्या हातावर का नाही? मी म्हटलं, दुसऱ्या हातावर देत नाहीत. का? मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. क्रीडा पानावर माझी ओळख अशी होती की कुठलीही गोष्ट मी दोन वाक्यांत बसवतो. ही बसेना.

थोबवाले गृहस्थ तेव्हा पहिल्यांदा बोलले. "डाव्या हातावर खायला? मफी, नाहीच," ते म्हणाले आणि हात झटकला. मग इंग्रजीत पडद्याकडे वळून सांगितलं की हे त्यांच्याही आईने कधी केलं नसतं आणि या प्रश्नावर आणखी वेळ घालवू नये.

"डबा कुठे आहे?" गृहस्थांनी मला विचारलं. त्यांना डब्याबद्दल कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही. बहुधा लॉबीतल्या माणसाने. मी डबा आणला. बायको मागोमाग आली आणि तिला कुणी अडवलं नाही. गृहस्थांनी बाही वर करून उजवा हात पुढे केला. बायकोने पडद्यावरच्या साहेबांकडे न बघता, घरातल्या माणसाला देतात तसं, चमचाभर दही ठेवलं. त्यांनी चाटलं, म्हणाले, "साखर जास्त," आणि रुमालाला हात पुसला. मग प्रशिक्षकांनी सोबत आणलेली राळेची पिशवी मागून दाबली. तळहात टेबलावर ठेवला आणि उचलला. टेबलावरचा कागद हाताबरोबर वर आला.

"खलास," ते म्हणाले.

यातून एवढंच सिद्ध झालं की हेतू नव्हता. पडद्यावरच्या अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं आणि लगेच सांगितलं की नियम हेतू विचारत नाही, हात विचारतो. बंदी मोसमभराऐवजी निम्मी झाली. मी बाहेर येताना बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे चुकी नाई अन् सजा हाये." मला यात सुधारण्यासारखं काही दिसलं नाही.

बंदी संपली तेव्हा दोन सामने उरले होते. पहिल्यात त्याला उठवलंच नाही. दुसऱ्यात उठवलं, गरम केलं आणि बसवलं. मोसम संपल्यावर प्रशिक्षकांनी सांगितलं की जागा दुसऱ्याला गेली. ते म्हणाले, दह्यामुळे नाही. त्या दिवशी तो आला आणि त्याने काम केलं, म्हणून. मेव्हण्याचं नाव राखीव यादीत राहील. कुणी जखमी झालं तर बोलावू, हात तयार ठेव. राखीव यादीला पगार नसतो, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी पुस्तिकेत वाचलं होतं.

तह असा होता की बोलावलं नाही तर शाळेची नोकरी. मेव्हण्याचं म्हणणं पडलं की बोलावलं होतं.

"अन् तू गेला कुठं फेकाले?" बायको म्हणाली.

"मले फेकू कोनं नाई देल्लं?"

यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. मग थांबला. घरात ते वाक्य त्यानंतर कुणी पुन्हा उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने प्राचार्यांना नकार कळवला. क्रीडाविभागाचा प्रमुख म्हणून केरळचा एक तरुण आला, त्याला राहायला घर मिळालं. मेव्हणा वर्षाच्या करारावर त्याच्या हाताखाली राहिला. नव्या प्रमुखाने सांगितलं की बोलावणं आलंच तर आठवडाभर सोडेन, इंशाल्ला, म्हणजे देवाची मर्जी असली तर. हा इंशाल्ला कुठल्या प्रकारचा, होकाराचा की नकाराचा, हे त्या प्रसंगापर्यंत कळत नाही.

आणि मी पुन्हा प्लॉटमध्ये. आठवड्यातून तीन संध्याकाळी. कुणी जखमी व्हावं या आशेने त्याच संघाच्या बातम्या आमच्या घरात वाचल्या जाऊ लागल्या, हे मी नोंदवून ठेवतो. उन्हाळ्यात सूर्य गेल्यावरही वाळू तापलेली असायची. माझ्या डाव्या गुडघ्याला आता पट्टा लागतो. मी एकदा म्हटलं की बुदैयाकडे शेतांच्या बाजूला काही अमेरिकन कुटुंबं राहतात, त्यांच्यात एखादा कॅचर मिळेल. मेव्हणा म्हणाला, "त्यायले माया चेंडू समजत नाई, भाऊजी. तुमाले समजते." मला चेंडू समजत नाही, लागतो. पण हे सांगूनही तो पुढचा टाकतच होता.

पुढचा मोसम सुरू झाला. तो शाळेत मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावत होता आणि फोन खिशात, आवाज चालू ठेवून. शाळेच्या नियमाविरुद्ध. मोसम अर्धा संपला. काही झालं नाही. नईमचे काका मंडळाच्या एका कार्यक्रमात भेटले आणि म्हणाले, "यंदा टीममध्ये नाही का?" मी "बऱ्यापैकी" म्हटलं.

मग बोलावणं आलं. ज्याला जागा मिळाली होती त्याचा खांदा दुखावला होता. दुसऱ्या दिवशीचं विमान, एका आठवड्यासाठी. बायकोने बातमी ऐकून आधी त्या मुलाच्या खांद्याबद्दल हळहळ व्यक्त केली, मग बॅग भरायला घेतली. नव्या प्रमुखाने रजा दिली. इंशाल्ला चांगल्या प्रकारचा होता.

सकाळी मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होतो. मेव्हण्याने बूट घातले. बायको स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. त्याने उजवा हात पुढे केला. तिने चमचाभर दही ठेवलं. साखर कमी होती, ते नुसतं बघूनही कळत होतं. त्याने चाटलं आणि हात विजारीला पुसायला नेला.

"थांब."

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या, साबण आणि टॉवेल घेऊन आली. खाली पातेलं ठेवलं. त्याचा हात पातेल्यावर धरून तिने पाणी ओतलं आणि साबण लावला. तळहात, बोटांच्या फटी, नखं. लहान मुलाचा हात धुतात तसा. पुन्हा पाणी, पुन्हा साबण. मी विमानाची वेळ सांगितली. "थांबते विमान," ती म्हणाली. टॉवेलने पुसल्यावर तिने आपली दोन बोटं त्याच्या तळहातावर ठेवली आणि उचलली. जागा बदलून पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मैदानावरच्या पंचांनी केलं होतं तसंच. ती त्या दिवशी डब्याचं झाकण लावत होती असं मी समजत होतो; तिने सगळं बघितलं होतं.

"जा आता. मांगं पाहू नको."

फोन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. बायको भाजी निवडत होती. मी स्पीकर चालू केला.

"भाऊजी, आज फेकलो."

"किती?"

"एक बॅटर."

"बाद?"

"बाद."

"हात तपासला?"

"तपासला ना. पंचानं हात नाकाशी नेला अन् मले म्हने, साबन कोनता वापरते."

बायकोने भाजीवरून मान वर केली. "पाह्यलं?" ती मला म्हणाली. "दही लागते, म्हटलं होतं ना मी."

पलीकडून मेव्हणा म्हणाला, "ताई, त्या दुसऱ्या पोराचा खांदा काई बरा नाई होत म्हंते मोसमभर. मले ठेवून घेते म्हंते."

पुढच्या मोसमाचं काय, शाळेचं काय, रजेचं काय, हे विचारायला मी तोंड उघडलं. बायको आधी बोलली.

"भाऊजीले सांग, हातमोजा उन्हात वाळत घाला म्हनावं. वास येऊन रायला त्याले."

मी तिथेच, तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. उठलो आणि हातमोजा गॅलरीत नेऊन वाळत टाकला.